टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढण्याआधी

कोकणातला माणूस मुंबईला जातो तो लग्नाला, डॉक्टरकडे, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर चाकरमानी भावाकडे. ग्रंथालयात जायचं म्हणून तिकीट काढणारे थोडेच. पण आहेत. मला वर्षाकाठी दोन-चार फोन तरी येतात, "एशियाटिकला जायचंय, आत सोडतात का हो?" एशियाटिक म्हणजे मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीचं जुनं ग्रंथालय. कोणी एम.ए.चा प्रबंध लिहीत असतो, कोणी देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका काढत असतो, कोणी निवृत्त गुरुजी असतात. त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगतो ते इथे एकदा सलग लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. जाताना गावचा एक प्रश्न खिशात घालून जा, आणि तो लहान असू दे. आमच्या खाडीत गलबत कुठपर्यंत वर यायचं? आमचा आठवड्याचा बाजार कधी आणि का मोडला? बंदरातून काय बाहेर जायचं? असा प्रश्न हातात असला की समोरचा ग्रंथपाल लगेच कामाला लागतो. "कोकणच्या इतिहासाचं काही आहे का?" असं विचारलंत तर तो बिचारा कपाटांच्या रांगेकडे हात करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच विचारलं होतं. दिवसभर छताकडे बघून परत आलो.

सुरुवात गावातूनच

मुंबईचं तिकीट काढण्याआधी आपलं जवळचं वाचनालय पालथं घाला. आपल्याकडे वाचनालयं काही काल-परवाची नाहीत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, म्हणजे मुंबईचा टाऊन हॉल बांधून पुरा व्हायच्याही आधीचं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत त्याने फार सोसलं, तरी उभं आहे. जे इथे मिळतं त्यासाठी तिथे जाऊन दिवस घालवू नका.

दुसरं, इथेच तालीम होते. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकाच्या पाठीवर आकडे चिकटवलेले असतात. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास. हे आकडे कसे चालतात ते आपल्या ओळखीच्या ग्रंथपालांकडून अर्ध्या तासात समजून घ्या. आणि निघताना त्यांच्याकडून वाचनालयाच्या कागदावर चार ओळींचं पत्र घ्या: हे आमचे सभासद, अमुक विषयावर काम करताहेत, कृपया सहकार्य करावं. कॉलेजात असाल तर प्राचार्यांचं चालेल. अशा पत्राने दार उघडतंच असं नाही, पण दाराशी होणारी चौकशी लवकर संपते.

गावाचं जुनं नाव

इथे जरा थांबतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच अडकतात.

समजा तुम्ही मालवणचे आहात आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, मागताय. जुन्या गॅझेटियरांत तसा खंडच नाही. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधी मालवण रत्नागिरीत होतं. मुंबई इलाख्याचं जे जुनं इंग्रजी गॅझेटियर जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालं, त्यात 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असा एकत्र १०वा खंड आहे, १८८० चा. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं म्हणून तिचं नाव वेगळं. रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा, म्हणून अलिबाग, महाड, रोहा बघायचं ते 'कुलाबा आणि जंजिरा' या १८८३ च्या ११व्या खंडात. पालघर जिल्हा तर २०१४ चा, त्यामुळे डहाणू-वसईवाल्यांनी ठाण्याचे १८८२ चे खंड मागावेत. ठाण्याचा पसारा एवढा मोठा, की तिथल्या ठिकाणांची माहिती वेगळ्या १४व्या खंडात घातली आहे. पनवेल-कर्जतकरांनो, तुम्हीसुद्धा तिथेच. कुलाब्याच्या खंडात शोधत बसाल तर संध्याकाळ होईल.

मग स्पेलिंग. इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलं. विजयदुर्ग जुन्या इंग्रजी कागदांत 'घेरिया' म्हणून येतो, सुवर्णदुर्ग 'सेव्हर्नड्रूग' म्हणून. बाणकोटला त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' असं नावच देऊन टाकलं होतं. वसई म्हणजे 'बसीन', दाभोळ म्हणजे 'दाबुल'. गॅझेटियरात स्पेलिंग पुष्कळ सुधारलेलं आहे, पण तिथेही सावंतवाडीत आपण आज डब्ल्यू लावतो तिथे व्ही आहे. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाचं नाव रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहून न्या. चार-पाच तरी होतील. शेजारच्या मोठ्या गावाचं आणि नदीचं नावही लिहा, कारण लहान गाव स्वतःच्या नावाने क्वचितच सापडतं, नदीच्या किंवा बंदराच्या वर्णनात दडलेलं असतं.

हे गॅझेटियर आता इंटरनेटवरही वाचता येतं, ते घरी बसून आधी वाचा. एशियाटिकने आपल्या जुन्या ग्रंथांचं 'ग्रंथसंजीवनी' नावाचं डिजिटल भांडार केलं आहे, तेही चाळा. मग मुंबईला कशाला जायचं? कारण गॅझेटियर तुम्हाला पुढच्या दहा पुस्तकांची नावं देतं, आणि ती दहा बहुतेक वेळा मोबाइलवर नसतात.

पिशवीत काय

दोन शिसपेन्सिली आणि खोडरबर. शाईचं पेन, बॉलपेन पिशवीतच राहू दे. जुन्या पुस्तकाशेजारी पेन चालत नाही. एका जुन्या संग्रहात मी सवयीने पेन उघडलं, तर समोरच्या बाईंनी एक शब्द न बोलता माझ्यापुढे पेन्सिल ठेवली. तेव्हापासून दोन नेतो.

आधार कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो. वही, पण सुटे कागद नकोत, पंख्याखाली उडतात. मोबाइल भरपूर चार्ज केलेला. वाचायला भिंग असेल तर उत्तम, जुन्या तळटिपांचा टाइप मुंगीएवढा असतो.

आणि पांढरा शर्ट घालू नका. शंभर-दीडशे वर्षांच्या चामडी बांधणीचा वरचा थर कुजून विटकरी पूड होते. पुस्तक छातीशी धरलंत की शर्टावर पट्टा उमटतो, तो धुऊन जात नाही. माझा एक शर्ट असा गेला. बायकोला अजून वाटतं की मी कुठेतरी भिंतीला टेकलो होतो.

मोठं सामान नेऊ नका. नेलंच तर स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा, आणि बॅगेला कुलूप हवं, कुलपाशिवाय घेत नाहीत. मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन ग्रंथालयाकडे वळण्याचा मोह टाळा. मी एकदा भाच्यासाठी नेलेली पेटी घेऊन थेट गेलो होतो. पायऱ्यांवर बसून ती राखण्यात अर्धा दिवस गेला, आणि जाणारा-येणारा प्रत्येकजण 'डझन कसा' विचारून गेला.

पोचायचं कसं

मडगावहून येणारी रात्रीची कोकणकन्या सोयीची. पहाटे सीएसएमटीला सोडते. ग्रंथालयं काही पहाटे उघडत नाहीत, तेव्हा प्रतीक्षालयात तोंड धुवा, चहा घ्या, घाई नको. गणपती, शिमगा, मे महिना या दिवसांत आरक्षणाचं सांगायला नकोच. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही सगळे त्यावरून गेला आहात.

सीएसएमटीतून बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ हुतात्मा चौकापर्यंत चालत या. तिथून डावीकडे वीर नरिमन रस्ता. पाच-सात मिनिटांत हॉर्निमन सर्कलची गोल बाग लागते आणि बागेच्या पलीकडे पांढरे खांब दिसतात. तोच टाऊन हॉल. एकूण पंधरा-वीस मिनिटांची चाल. भुयारी मेट्रोने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा. अलिबागवाल्यांना मांडव्याहून लाँच आहे, गेटवेला उतरून शहीद भगतसिंग रस्त्याने उत्तरेला चालत आलं की इमारत उजव्या हाताला येते. पावसाळ्यात लाँच बंद, तेव्हा तो बेत जून-जुलैत आखू नका. गाड्या नेणारी रो-रो बोट मात्र भाऊच्या धक्क्याला लागते, तिथून टॅक्सी.

दिवस निवडताना रविवार, बँकेची सुट्टी, सणाचे आदले दिवस टाळा. निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करून कुठला विभाग चालू आहे ते विचारा. जुन्या इमारतीत कधी दुरुस्ती निघते, कधी एखादी खोली समारंभाला दिलेली असते.

दोन दारं, दोन संस्था

हे नीट समजून घ्या, कारण बाहेरून एकच इमारत दिसते.

वर एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई. १८०४ साली सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' म्हणून सुरू केलेली संस्था. इमारत नंतरची. कर्नल थॉमस काउपर यांचा आराखडा, १८३३ मध्ये पुरी झाली. पैसे उभे करायला लॉटरी काढून पाहिली होती, ते पुरले नाहीत आणि शेवटी सरकारला हात घालावा लागला. सार्वजनिक बांधकामाची आपली परंपरा जुनीच म्हणायची. संस्थेकडे लाखावर पुस्तकं आहेत. तिथे वाचत बसायचं तर सभासदत्व किंवा परवानगी लागते, म्हणून विषय लिहून आधीच ई-मेल करा.

तळमजल्यावर राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. हे सरकारी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना पाठवायची, त्यांतलं मुंबईचं हे. बाकीची कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीत. सगळे प्रकाशक पाठवतात असं नाही, पण १९५४ नंतरचं एखादं मराठी पुस्तक, खास करून गावोगावच्या लहान प्रकाशकांचं, कुठेच मिळेना तर इथे विचारायचं. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. गुडघे दुखत असतील तर हे आणखी सोयीचं, कारण वर जायचं म्हणजे समोरच्या तीस पायऱ्या आल्या.

तरी त्या पायऱ्या एकदा चढाच, दमत का होईना. वर गेल्यावर संगमरवरी साहेबलोकांच्या मांदियाळीत पागोटं घातलेले जगन्नाथ शंकरशेट दिसतात. संस्थेने भारतीय माणसाला सभासद करून घेतलं ते १८४० साली, माणकजी खरशेटजींना. म्हणजे छत्तीस वर्षं आपण बाहेर. आणि त्याच संस्थेच्या नियतकालिकात ताम्रपटांवर आणि शिलालेखांवर लिहिणाऱ्या पहिल्यावहिल्या भारतीयांत होते आपल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, १८३२ साली 'दर्पण' काढणारे. पुढे भारतरत्न झालेले पां. वा. काणे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे, आणि आज संस्थेच्या संशोधन विभागाला त्यांचंच नाव आहे. हे मी तिथे आत बसलेल्या एका मुंबईकराला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुम्ही कोकणातले सगळे एकमेकांचे नातेवाईक असता का?"

पुस्तक मागणं

कपाटाशी जाऊन हवं ते उपसायचं, ही आपल्या वाचनालयातली मोकळीक जुन्या संग्रहांत मिळत नाही. सूचीत बघायचं, क्रमांक, लेखक, शीर्षक चिठ्ठीवर लिहायचं आणि ती काउंटरवर द्यायची. मग थांबायचं. आतून पुस्तक यायला वेळ लागतो, म्हणून एका वेळी चालतील तेवढ्या चिठ्ठ्या सकाळीच द्या. जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर चिठ्ठी देणारा माणूस कुठल्याच कार्यालयात लाडका नसतो.

अक्षर सुवाच्य हवं. सूचीत मराठी नावं कधी आडनावावर, कधी पहिल्या नावावर लावलेली असतात. एका ठिकाणी मिळालं नाही तर दुसरीकडे बघा आणि मग विचारा. विचारायला लाजू नका. कर्मचारी आधी जरा रुक्ष वाटतात, पण "साहेब, आमच्या गावच्या बंदराचा शोध घेतोय" म्हटलं की बहुतेकांचा चेहरा बदलतो. त्यांच्यातले किती तरी आपल्याकडचेच असतात, हा माझा अनुभव. एकाने मला पुस्तक देता देता आधी विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. "अहो, म्हणजे आमच्या पलीकडच्या तरीवरचेच!" मग तो खंड आलाच, शिवाय त्याने स्वतःहून आणखी एक आणून दिला, आणि मला हवं होतं ते नेमकं त्या दुसऱ्यात होतं.

पुस्तक आलं की हात धुऊन, पुसून या. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर त्या दिवशी हात मांडीखाली दाबून बसा. पुस्तक टेबलावर सपाट झोपवू नका, दोन्ही बाजूंना आधार द्या, नाहीतर पाठ तडकते. पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्याला बोट लावून उलटा.

कधी कधी एक गंमत होते. दोन पानं वरून जोडलेलीच असतात. चिकटलेली नसतात, छापल्यावर कापायची राहून गेलेली असतात. म्हणजे शंभर वर्षांत ते पान कोणीच वाचलेलं नाही. मला असं एकदा मिळालं तेव्हा छाती धडधडली आणि बोट आपोआप फटीत गेलं. घालू नका! कागद बिस्किटासारखा मोडतो. पुस्तक तसंच काउंटरवर न्या, ते सुरीने कापून देतील किंवा नाही म्हणतील.

गॅझेटियर हातात आलं तर पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटचं प्रकरण ठिकाणांचं असतं, अकारविल्हे लावलेलं. तिथे आपलं गाव किंवा शेजारचं गाव गाठा. मग व्यापाराचं प्रकरण, मग इतिहास. आणि पानाखालच्या तळटिपा सोडू नका. कोणत्या जुन्या अहवालातून, कोणत्या प्रवाशाच्या वर्णनातून माहिती घेतली ते तिथे असतं. तुमच्या पुढच्या चिठ्ठ्या त्यातून निघतात.

फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. काही ठिकाणी फी असते, काही ठिकाणी झेरॉक्सही देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. परवानगी मिळाली तर आधी मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षक-पानाचा फोटो, मग हव्या त्या पानांचे, पानक्रमांक दिसेल असे. मोबाइलमध्ये माझ्याकडे चाळीसेक अशी पानं पडून आहेत, जी कुठल्या पुस्तकातली ते मला आता ब्रह्मदेव सांगेल तेव्हा कळेल.

सोपाऱ्याचा करंडक

एशियाटिकचं नाव काढलं की लोक इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित विचारतात. मौल्यवान आहे, खरं आहे. पण मी विचारीन सोपाऱ्याचं. १८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा 'बुरुड राजाचा कोट' नावाचा ढिगारा खणला. तो निघाला बौद्ध स्तूप. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याच्या खापऱ्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. एवढ्या सोन्या-चांदीच्या आत खापऱ्या! या वस्तू एशियाटिकच्या ताब्यात आहेत. समोर मांडलेल्या असतीलच असं धरून जाऊ नका, आधी विचारून ठेवा. उत्तर कोकणातली एवढी मोलाची ठेव आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे.

इथे मिळणार नाही ते

सातबारा, इनामाची सनद, खोतीचा वाद असलं काही हवं असेल तर हे ठिकाण नव्हे. त्यासाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर, आहे, नाहीतर आपलं तहसील. घराण्याचा कुलवृत्तान्त, जुनी मराठी मासिकं, दिवाळी अंक यांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं, किंवा त्याहून पाच वर्षांनी जुनं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. एका दिवसात सगळं उरकायचा बेत करू नका. एक दिवस, एक ग्रंथालय, दोन-तीन पुस्तकं. त्याहून जास्त वाचल्यासारखं वाटतं, पण रात्री वही उघडली की नुसती नावं सापडतात.

दुपारी डबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत झाडाखाली उघडा. सुरमई नेली असेल तर कावळ्यांवर लक्ष ठेवा. बाहेर खायचं तर फोर्टातल्या गल्ल्यांत इराणी आणि उडुपी दोन्ही आहेत. जेवून हात साबणाने धुवा, तेलकट बोटाचा ठसा पानावरून कधीच जात नाही.

निघताना पुस्तकं काउंटरवर परत द्या, चिठ्ठीवर परतीची नोंद झाली का बघा, आणि ज्याने पुस्तकं काढून दिली त्याचं नाव विचारून वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारता येते. संध्याकाळी पायऱ्यांवर बसायला जागा मिळाली तर बसा, तिथे नेहमी कोणीतरी फोटो काढून घेत असतं. परतीची कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास आहे. दिवे मालवायच्या आत बर्थवर बसून दिवसभराची पेन्सिलीतली टिपणं एकदा वाचून काढा आणि न लागणारे शब्द तिथेच पुन्हा लिहा. चिपळूण येईपर्यंत आपलंच अक्षर आपल्याला लागेनासं होतं.